खाल्ल्याची वही

(तृतीय वर्ष, कला शाखा)

काल दिवसभरात आपण काय काय खाल्ले ते आठवून लिहा, असे सरांनी सांगितले तेव्हा वर्गात चांगलाच हशा पिकला. तास अर्थशास्त्राचा होता. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता, खिडकीकडच्या बाकांवर पाणी येत होते म्हणून आम्ही सगळे मधल्या बाकांवर दाटीवाटीने बसलो होतो, आणि विषय चालला होता दारिद्र्यरेषेचा. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिले, आणि दिवसाला माणशी २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असा हिशेब मांडला, इथवर आम्ही वहीत उतरवून घेतले होते. परीक्षेत चार मार्कांना हा प्रश्न येतो. पण सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "रेषा पुस्तकात आहे. आपण तिच्या कुठल्या अंगाला उभे आहोत, ते आता बघू या."

त्यांनी दोन पानांचा एक छापील तक्ता वाटला. कोणत्या पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये किती उष्मांक, हे त्यात होते. तांदूळ ३४५, नाचणी ३२८, उडदाची डाळ ३४७, तेल ९००. सोबत एक कोरा नमुना होता : धान्य, डाळ, भाजी, दूध, तेल, साखर, मांस-मासे, आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा. मी लिहायला बसलो. धान्य भरले, डाळ भरली, भाजी भरली. दुधापाशी पेन थांबले. जागा रिकामी सोडायची लाज वाटली. इकडेतिकडे बघितले आणि लिहून टाकले, "एक पेला".

खरे सांगायचे तर आमच्या घरात दूध पिण्याची रीतच नाही. तलासरी तालुक्यात आमचा पाडा आहे, दापचरीपासून फार लांब नाही. त्या दापचरीला सरकारने एके काळी मुंबईचे गोठे हलवण्यासाठी केवढा मोठा दुग्धप्रकल्प उभा केला होता! पण दूध आमच्या पाड्यावर आले नाही ते नाहीच. आजी म्हणते, गाईचे दूध वासराचे असते, ते काढून घेणारे आपण कोण? आता वसतिगृहात चहात पडते तेवढेच काय ते माझ्या पोटात जाणारे दूध. तरी मी एक पेला लिहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी कुणाचेही नाव न घेता फळ्यावर फक्त बेरीज मांडली. अडतीस मुलामुलींपैकी एकतीस जणांनी दूध लिहिले होते. सर म्हणाले, "डहाणूत एवढे दूध येते तरी कुठून?" पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो जरा खाली मान घालून. मग सरांनी सांगितले की यात नवे काही नाही. खाणे विचारले की माणसे जे खाल्ले ते सांगत नाहीत, जे खायला हवे होते ते सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७२ साली गावोगावच्या खाण्याची पाहणी सुरू केली, तेव्हा त्यांचे लोक घरी जाऊन, ठरावीक मापांच्या वाट्या समोर मांडून, मागच्या चोवीस तासांत कुणाच्या वाटीत काय पडले ते विचारून घेत. इटलीत पादुआ शहरी सांतोरिओ नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने तर तराजूला खुर्ची टांगली होती आणि वर्षानुवर्षे त्या खुर्चीत बसून, खाल्लेले किती, अंगातून गेलेले किती आणि आपले वजन किती, याचा हिशेब ठेवला. १६१४ साली त्यावर त्याने ग्रंथही लिहिला. एवढा वेळ त्याला घरची माणसे कशी देत होती, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण मी तो विचारला नाही.

तेव्हा ठरले ते असे : सात दिवस वही ठेवायची, मोजून-मापून लिहायचे, आणि खोटे लिहायचे नाही. ज्याला जमेल त्याने घरातल्या आणखी एका माणसाची वही ठेवायची.

मोजायचे म्हटले की पंचाईत कुठे येते हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोबाइलवर उष्मांक मोजून देणारी सोय आहे, वर्गातल्या दोघीतिघी तीच वापरत होत्या. त्यांतली एक घोलवडकडची, घरची चिकूची वाडी असलेली. तिला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले आहे, म्हणून ती खाल्लेले मोजते. मी त्या मोबाइलला नाचणीच्या भाकरीबद्दल विचारले तर त्याने उलट मलाच विचारले, भाकर लहान, मध्यम की मोठी? आमच्या घरच्या भाकरीपुढे त्याची मोठी भाकरसुद्धा पोरकी वाटली असती. शेवटी मी आईची एक भाकर फडक्यात बांधून आणली आणि सागर नाक्याजवळच्या एका किराणा दुकानात काट्यावर ठेवली. दुकानदार आधी भाकरीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "विकायची आहे का?" म्हणाला. भाकरीत पाणी असते म्हणून तिच्या वजनावरून पीठ काढता येत नाही, हे नंतर कळले. मग पिठाचेच माप घेतले : एका भाकरीला ८० ग्रॅम. तांदूळ शिजला की वजनाने साधारण तिप्पट होतो, म्हणून वाटीभर भात म्हणजे किती तांदूळ हेही एकदा तोलून ठेवले. वसतिगृहातले पाच दिवस लिहिण्यासारखे काही नाही. पोहे, चपाती, पातळ वरण, भात, बटाटा, पुन्हा बटाटा. दिवसाला १९०० ते २००० उष्मांक भरत. दूध शून्य, हे आता मी न लाजता लिहू लागलो होतो.

घरातले दुसरे माणूस म्हणून मी आईला धरले. शनिवारी घरी गेलो तेव्हा तिला विचारले, "काल काय खाल्लंस?"

"भात."

"आणि?"

"आणि काय? भातच."

(आई आमच्या वारली बोलीत बोलते. इथे मी तिला पुस्तकी मराठीत आणून बसवले आहे. तिला ते आवडेल असे नाही.)

"भाजी नव्हती?"

"होती की. टाकळा."

"मग भाजी का नाही सांगितलीस?"

"टाकळा काय विकत आणलाय? तो काय खाणं झालं?"

या एका उत्तरात माझा अर्धा तक्ता वाहून गेला. पावसाचे पहिले दोन महिने आमच्याकडे अर्धी भूक रानावर निभते. पाऊस पडायच्या आधी शेवळे, मग टाकळा, कुर्डू, बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, नाल्यातले खेकडे. पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंडात घालत नाही. म्हणजे मान केवढा! पण विचारणाऱ्यापुढे ती खाण्यात धरायची नाही, कारण तिला पैसे पडलेले नाहीत. सरांच्या दोन पानांतही शेवळे नव्हते, वास्ते नव्हते. आई आणि तक्ता यांचे एवढ्या एका बाबतीत एकमत होते म्हणायचे.

आजी कोपऱ्यातून ऐकत होती. तिला हा सगळा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "खात्या माणसाचे घास मोजू नयेत," ती म्हणाली. कणसरी ही आमची धान्याची देवता. कणग्यात हात घालतानाही तिचे नाव घेतले जाते. धान्य मापताना बोलू नये, खाताना मोजू नये, नाहीतर ती रुसून निघून जाते, असे आजीचे म्हणणे. मी म्हटले, आजी, आपल्या कणग्यातून ती होळीलाच निघून जाते, अजून मी मोजायला सुरुवातही केलेली नसते. आजी हसली, पण वहीकडे पाठ करून बसली.

मी तर सोमवारी डहाणूला परतणार. आईची वही कोण लिहिणार? ते काम मी धाकट्या बहिणीकडे दिले. ती आठवीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि स्वभाव पोलीस पाटलाचा आहे. तिला मापे समजावून दिली, दुरेघी वही दिली आणि सांगितले, रोज रात्री आईला विचारायचे आणि लिहायचे. बस्स.

पुढच्या शनिवारी मी डहाणूच्या बाजारातून पाव किलो सुके बोंबील घेऊन घरी गेलो. महिन्याच्या पैशांतून थोडे वाचवून मी नेहमीच काहीतरी नेतो. सध्या आवणी चालू होती. भातलावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. आई सकाळी आपल्या तुकड्यावर आणि मग दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीने चिखलात वाकलेली असायची, तिच्या अंगाला सुकट लागावी, हा माझा विचार. बाबा गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून ते घरीच होते. रविवारी दुपारी कालवण झाले. काय कालवण झाले होते! पाऊस, चुलीचा धूर, वाफाळता भात आणि बोंबलाचा तो वास. मी पोटभर जेवलो, आईने आणखी वाढले, मी नको म्हणत आणखी जेवलो. रात्री पुन्हा भात आणि उडदाचे वरण. माझी वही मी प्रामाणिकपणे भरली. रविवारचे २५४० उष्मांक झाले. आठवड्यातला तो माझा सर्वांत मोठा आकडा.

सोमवारी पहाटे निघताना धाकटीने तिची वही माझ्या पिशवीत टाकली. तलासरीहून एस.टी. सुटली, काचेवर पाणी ओघळत होते, बाहेर बघण्यासारखे काही दिसत नव्हते, म्हणून मी वही उघडली.

मी तिला एक रकाना आखून दिला होता. तिने मधून एक रेघ ओढून त्याचे दोन केले होते. डावीकडे लिहिले होते, "आई म्हणते". उजवीकडे, "मी पाहिलं".

सोमवार. आई म्हणते : सकाळी चहा, भाकर. दुपारी भात. रात्री भात, भाजी. मी पाहिलं : भाकर अर्धी, अर्धी आजीला दिली. दुपारचं माहीत नाही, मी शाळेत होते. रात्रीचं खरं.

मंगळवार. आई म्हणते : कालच्यासारखंच. मी पाहिलं : कालच्यासारखं नाही. रात्री भात कमी होता.

गुरुवारी नाल्याला पाणी आले म्हणून तिची शाळा बुडाली होती. ती आईबरोबर आवणीला गेली होती. आई म्हणते : शेतावर चहा आणि बिस्किटं खाल्ली. मी पाहिलं : चहा प्यायली. बिस्किटं माझ्या हातात दिली, ती मी खाल्ली. माझ्या नावावर लिहावीत का?

मला हसू आले. शेजारी बसलेल्या बाईंनी वळून बघितले. एवढी चोख नोंद आमच्या वर्गातल्या अडतिसांत एकाचीही नव्हती. जे दिसले नाही ते "माहीत नाही" म्हणून लिहिणे, हे तर आम्हा कुणाला सुचलेच नव्हते. मी पान उलटले.

रविवार. दादा आला. बोंबलाचं कालवण. आई म्हणते : सगळ्यांसारखी जेवले. मी पाहिलं : सगळ्यांच्या मागून बसली. कालवण संपलं होतं. टोप भाताने पुसून तो भात खाल्ला, मग पेज प्यायली. सकाळची भाकर अर्धी. रात्री भात होता, वरण नुसतं पाणी.

उधव्याच्या पुढे गाडी कुठेतरी बराच वेळ उभी होती, झाड पडले होते म्हणतात. मला ते डहाणूला उतरल्यावर कळले.

वसतिगृहात जाऊन मी हिशेब मांडला. आईचा रविवार, चहातली साखर धरून, टाकळ्यालाही त्याचे मोल देऊन, कसाबसा १०७५ पर्यंत गेला. इतर दिवशी, म्हणजे मी घरी नसताना, ती चौदाशे-पंधराशेच्या आसपास असे, दुपारच्या अंदाजाचे धरून. आठवड्यातला माझा सर्वांत मोठा दिवस तोच तिचा सर्वांत लहान दिवस होता. बोंबील मी तिच्यासाठी नेले होते आणि मीच खाऊन आलो होतो.

मग मला सरांच्या तक्त्याचे दुसरे पान आठवले, जे आम्ही कुणी नीट वाचले नव्हते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या गरजा त्यात होत्या. बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक. कष्टाचे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला २७२०. मी ते दोन आकडे पुन्हा वाचले. आमच्याकडे, आणि मला वाटते सगळीकडेच, धरून चाललेले असते की पुरुषाला जास्त लागते. तक्ता तसे म्हणत नाही. तक्ता विचारतो, काम काय करता? मी बाकावर बसणारा. आई दिवसभर घोटाभर चिखलात, कंबरेत वाकलेली. आता माझे वजन ५४ आणि आरोग्य उपकेंद्रावर केलेले आईचे ४१. त्या प्रमाणात आकडे खाली आणले तरी मला साडेसतराशे पुरतात आणि तिला दोन हजारांहून थोडे जास्त लागतात. रविवारी मी सुमारे आठशे जास्तीचे खाल्ले. तिला साडेनऊशे कमी पडले. शाळेत तराजूची गणिते शिकलो होतो, त्यांत एका पारड्यातले उचलून दुसऱ्यात टाकावे लागे.

इथे कुणी म्हणेल, एका रविवारवरून एवढे काय? अगदी हेच म्हणणारे एक फार मोठे संख्याशास्त्रज्ञ आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. त्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाचे खाणे रोज कमीजास्त होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, तेव्हा सरासरीच्या खाली सापडला तो प्रत्येक जण उपाशी, असे मानणे चूक. दांडेकरांना ते पटले नाही, आणि १९८०च्या सुमारास या दोघांत आणि इतरांत त्यावर बराच वाद झाला. ग्रंथालयात मी त्याबद्दल वाचले. वाचताना सुखात्म्यांचे म्हणणे मला हवेहवेसे वाटले, हे कबूल करतो. जुळवून घेत असेल आईचे शरीर! पण त्यांचे कमीजास्त होणे हे आपोआप होणारे आहे, आज खाली तर उद्या वर. आईचे तसे नव्हते. ती खाली जाई ती ठरावीक दिवशी, आणि त्या दिवसाचे नाव मला ठाऊक होते.

दांडेकर-रथांच्या बाजूनेही माझे पूर्ण समाधान झाले नाही. त्यांचा हिशेब राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या कुटुंबखर्चावर उभा आहे. घरात इतके तांदूळ, इतके तेल आले, घरात इतकी माणसे, भागा. आमच्या घराचा तो रविवार तसा भागून बघितला : माझे २५४०, बाबांचे २४०० धरले, आजीचे १३००, धाकटीचे १७००, आईचे १०७५. माणशी अठराशे. श्रीमंती नाही, पण पाहणीच्या कागदावर आई आणि मी दोघेही अठराशेचे. पाहणी उंबरठ्यापर्यंत येते आणि भागाकार करून परत जाते. टोप कुणी पुसला, ते त्या भागाकारात राहत नाही.

अर्थात टोप मुळात लहान आहे, हेही सांगायला हवे, नाहीतर सगळा दोष आमच्या चुलीवर येईल. आमच्याकडे अंत्योदयचे कार्ड आहे. महिन्याला ३५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट मिळते. पाच माणसांत वाटले तर रोज माणशी २३३ ग्रॅम, म्हणजे आठशे उष्मांक. बाकीचे स्वतःच्या शेताने आणि मजुरीने भरायचे. शेतातले भात फाल्गुनापर्यंत पुरते. त्यानंतरचे महिने, विशेषतः आषाढ-श्रावण, म्हणजे काम सर्वांत जास्त आणि धान्य सर्वांत कमी. या महिन्यांसाठी आमच्या भागात एक खास शब्दच आहे, खावटी. पावसाळ्यात पोट भरायला सावकाराकडून धान्य उचलायचे आणि पीक आले की वाढीसह फेडायचे. आजोबांच्या पिढीने ती उचलली, त्यापायी वेठही केली. १९४५ साली तलासरीजवळ झरीला जी मोठी सभा झाली, तिथून वेठीविरुद्ध वारली उठले, ते याच सगळ्याला कंटाळून. पुढे सरकारनेही खावटी कर्जाची योजना काढली, आणि करोनाच्या काळात २०२० साली तिचे अनुदान झाले : कुटुंबाला चार हजार, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत. शब्द तोच राहिला आहे, कारण ते महिनेही तेच राहिले आहेत.

सात दिवस झाल्यावर वह्या द्यायच्या होत्या. मी फक्त माझी दिली. आईची द्यायला मन होईना. घरातले असे कुणी चव्हाट्यावर मांडते का? शिवाय पानभर लिहिलेल्या त्या उजव्या रकान्यात माझे नाव होते. सरांनी माझी वही चाळली आणि रविवारपाशी थांबून म्हणाले, "वा! घरी गेलास की चांगला जेवतोस. आईचा हात आहे बरं का हा. वसतिगृहाला हे जमायचं नाही." शेजारची मुले हसली. मी बाकाकडे येऊन बसलो. तास संपेपर्यंत सर काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही. घंटा झाल्यावर मी पिशवीतून दुरेघी वही काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो.

चार दिवसांनी त्यांनी ती परत दिली. आत तांबड्या शाईची एकही खूण नव्हती. एवढेच विचारले, "हे दोन रकाने तू शिकवलेस?" मी नाही म्हटले. "कितवीत आहे ती?" आठवीत, म्हणून सांगितले. "तिची शाळा सुटू देऊ नकोस," सर म्हणाले, आणि छत्री उघडून ते स्टेशनकडे चालू लागले.

त्यानंतरच्या शनिवारी मी घरी गेलो तो मनाशी सगळे ठरवून. दुपारी आईला म्हटले, आज तू आमच्याबरोबर बस. तिने ऐकले नाहीसे केले. पुन्हा म्हटले. ती म्हणाली, "चुलीपाशी कोण बसेल, तुझे सर?" मी म्हटले, मी बसतो. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. आजीने मात्र बोलून दाखवले, "मी सांगितलं होतं, मोजू नको म्हणून. आता घास मोजून झाले, ताटं मोजायला लागलास." मी चुलीपाशी बसलो, दोन भाकरी करपवल्या, आणि आईने मला तिथून उठवले. पीठ वाया गेले, तेवढाच त्या प्रयोगाचा निकाल.

मग मी दुसरा मार्ग धरला, जो मला सोपा वाटला. रात्री जेवायची वेळ झाली तेव्हा सांगून टाकले की तलासरीच्या नाक्यावर दोन वडापाव खाऊन आलोय, भूक नाही. आईने दोनदा विचारले, कपाळाला हात लावून बघितला, आणि शेवटी माझ्या वाटणीचा भात तिने आपल्या ताटात घेतला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पाऊस पत्र्यावर वाजत होता. बरीच रात्र झाली, सगळे झोपले असे वाटले, तेव्हा उठलो आणि अंधारात चाचपडत मडक्यातली पेज वाटीभर काढून प्यायलो.

वही ठेवायचे काम संपले, असे मी धाकटीला सांगायला विसरलो होतो. सोमवारी गाडीत ती वही पुन्हा पिशवीत सापडली. शनिवारच्या पानावर आता तिसऱ्या माणसाची नोंद होती. दादा म्हणतो : दोन वडापाव. मी पाहिलं : काहीच नाही. रात्री पेज, एक वाटी, उभ्याने.